काका म्हणजे कावळा, पाल म्हणजे दूध

आमची सानिका दोन वर्षांची झाली तेव्हा ती कुकरचं झाकण लावायची. साधं वरून दाबायचं झाकण नव्हे. तिरकं करून आत घालायचं, फिरवायचं आणि दांड्यावर दांडा आणून अडकवायचं, ते. मला लग्नानंतर ते जमायला आठवडा लागला होता. ती जमिनीवर बसून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, दोन झटक्यांत लावायची आणि माझ्याकडे बघून टाळी वाजवायची.

पण ती "आई" म्हणत नव्हती. "बाबा" नाही, "पाणी" नाही, "नको" सुद्धा नाही. एकही शब्द नव्हता.

त्या दिवसांत मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लपूनछपून शोधत बसायचे आणि मला सापडायची ती नुसती आजारांची लांबलचक नावं. मला हवी होती एखादी बाई. आमच्याकडे असं झालं, आम्ही अमुक केलं, फार घाबरलो आणि मधल्या काळात खूप हसलोही, असं सांगणारी. ती काही भेटली नाही. म्हणून आता मीच सांगते. तुमचं मूल कधी बोलेल ते मला सांगता येणार नाही. आमचं कसं बोललं, एवढंच ठाऊक आहे.

खुणांचं घर

आम्ही चेन्नईत वेलचेरीला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. नवरा मंदार नाशिकचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेकचे भाग तपासायचं त्याचं काम. सकाळी अंधारात कंपनीची बस पकडायचा, अंधार पडल्यावर परत. मी गिंडीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत अर्धा दिवस जायचे. तेवढा वेळ सानिका समोरच्या सुशीलाबाईंकडे असे.

सुशीलाबाई एका शाळेत टायपिस्ट होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय. "काय म्हून उशीर झाला गे?" असं विचारायच्या आणि लगेच "सरि, सरि, ये", म्हणजे बरं, बरं, ये, म्हणून आत घ्यायच्या. सानिका त्यांना बघितलं की कपाळावर बोटाने आडवी रेघ ओढायची. सुशीलाबाईंचं कुंकू तसं असायचं.

अशा तिच्या खुणा किती होत्या! पंखा हवा असला की बोट गरागरा फिरवायची. दही हवं असलं की आंबट तोंड. बाबा म्हणजे गळ्याभोवती हात, कारण त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असायचं. आणि या सगळ्यासोबत एकच आवाज, "अं". चढता "अं" म्हणजे प्रश्न, उतरता म्हणजे नकार, लांबलेला म्हणजे हट्ट. आम्हाला सगळं समजायचं. इतकं समजायचं की आमच्या घरात शब्दांची उणीव आहे हे आमच्या लक्षातच येत नव्हतं.

ते आलं एका वाढदिवसाला. खालच्या मजल्यावरचा मुलगा, सानिकापेक्षा थोडा लहान, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आंटी, अंद बलून कुडुंग." तो फुगा द्या. मी फुगा दिला. शेजारी सानिका उभी होती. तिने माझा कुर्ता ओढला, फुग्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "अं."

मी तिलाही फुगा दिला. मग केक खाल्ला, सगळ्यांशी हसून बोलले, घरी आले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले.

वेखंड

मग सल्ले सुरू झाले. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, "मुलगी आहे ना, बोलेल. मग थांबणार नाही." मंदारची आई नाशिकहून फोनवर म्हणाली, "तिथे तीन-तीन भाषा कानावर पडतात, पोर गोंधळलीय. इकडे आणून ठेवा." सुशीलाबाईंनी वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावायचं काढलं. त्याच आठवड्यात नाशिकहून पार्सल आलं, त्यातही वेखंडच निघालं. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण या बाबतीत त्यांचं एकमत होतं. सानिकाने दोन्हीकडचं वेखंड सारख्याच निष्ठेने थुंकून टाकलं.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी वेखंड बंद करायला लावलं. सानिकाने त्यांच्या टेबलावरचा स्टेथोस्कोप उचलून स्वतःच्या कानात घातला आणि दुसरं टोक त्यांच्या पोटाला लावलं. ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हुशार आहे. तरीही आधी कान तपासून घ्या. वाट बघत बसू नका."

कान! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी येऊन मी तिच्या पाठीमागे ताट आपटलं. ती वळली. पुन्हा आपटलं. वळली, आणि स्वतःचं ताट आणून तीही आपटायला लागली. सुशीलाबाई धावत आल्या. "काय गे, भांडण?"

"नाही हो, तिला ऐकू येतं का बघतेय."

"तिला येतें. आता सगळ्या वेलचेरीला येतें," त्या म्हणाल्या.

पण ताट ऐकू येणं आणि बोललेलं नीट ऐकू येणं यात फरक असतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे मोठ्या हॉस्पिटलातली तपासणी करायची ठरली.

तपासणीचा दिवस

या तपासणीसाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते यंत्रावर बघतात. दुखत काही नाही. मात्र झोप हवी. म्हणून तिला पहाटेपासून जागं ठेवायला सांगितलं होतं आणि तिथे गेल्यावर एक गोड औषध पाजलं.

इतर मुलं औषध घेतल्यावर आईच्या खांद्यावर माना टाकत होती. आमची बाई ताजीतवानी. तिने पाण्याच्या कूलरचा नळ कसा चालतो ते पाहिलं, बाकाखाली वाकून स्क्रू चाचपले, दाराची कडी लावून सिस्टरला बाहेर अडकवलं. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "पाप्पा तूंगिट्टाळा?" बाळ झोपलं का? आणि पाप्पा तिच्याकडे बघून हात हलवायची.

शेवटी मंदारने तिला उचललं. तो बोलायला कमी. गाणं तर त्याच्या सात पिढ्यांत कोणी म्हटलं नसेल. पण तो तिला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागला आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटत राहिला. जवळ जाऊन ऐकलं तर तो कारखान्यातल्या यंत्रांची नावं सांगत होता, ओळीने, दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत. भिंत येईपर्यंत ती झोपली.

त्या छोट्या खोलीत आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे होतो. तिच्या केसांत तारा, यंत्रावर रेघा. तपासणाऱ्या मुलीचा चेहरा मी वाचायचा प्रयत्न करत होते आणि तो अगदी कोरा होता. माझ्या मनात एकच चाललं होतं. मी रोज तिला झोपताना जे काही पुटपुटते, ते तिने ऐकलंच नसेल तर? मंदारने माझा हात धरला होता.

रेघा व्यवस्थित होत्या. दोन्ही कान उत्तम होते.

सानिका गुंगीतून अर्धवट उठत होती. मंदार तिच्या मागे जाऊन अगदी हळू म्हणाला, "आइस्क्रीम." तिची मान लटपटत होती, डोळे उघडत नव्हते, पण ती मान वळली. त्या कोऱ्या चेहऱ्याची मुलगीसुद्धा फिसकन हसली.

थोड्या कमी चांगल्या आई

कान ठीक, तर मग काय? आता दुसरी भीती पुढे सरकली. त्या लांबलचक नावांतलं एखादं नाव आमच्या मुलीचं असेल का? ते असतं तरी ती आमचीच होती, हे आज शांतपणे म्हणता येतं. तेव्हा म्हणता येत नव्हतं.

मंदवेलीला श्रीविद्या नावाच्या स्पीच थेरपिस्ट होत्या. गोल चेहरा, केसांत मोगऱ्याचा गजरा आणि बसायला सतरंजी. त्यांनी आमच्याशी बोलायच्या आधी बराच वेळ सानिकाशी खेळून घेतलं. सानिकाने बाहुलीला भरवलं, तिचं तोंड पुसलं, बाहुली गरम घासाने भाजली म्हणून फुंकर घातली आणि प्रत्येक वेळी श्रीविद्यांकडे वळून बघितलं, बघताय ना, अशा नजरेने.

त्या म्हणाल्या, "हिची समज वयाच्या पुढे आहे. बोलणं मागे आहे. ती तुमच्याशी नातं जोडते, दाखवते, विचारते. मी लक्ष ठेवीन, आत्ताच शिक्का मारणार नाही. आपण कामाला लागू."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही फार चांगल्या आई आहात. जरा कमी चांगल्या व्हा."

मला कळेना. त्यांनी समजावलं. तिने बोट फिरवायच्या आधीच मी पंखा लावत होते. मग तिने बोलावं कशासाठी? हातात वस्तू द्यायच्या आधी थांबायचं. मनातल्या मनात एक गाण्याची ओळ होईल इतकं थांबायचं, तिच्याकडे बघत, हसऱ्या चेहऱ्याने. "म्हण, म्हण" असा धोशा लावायचा नाही. दोन गोष्टी समोर धरायच्या, केळं की बिस्किट? तिने केवळ आवाज काढला तरी तो बोलणं समजून उत्तर द्यायचं.

सांगायला सोपं. त्यांनी सुचवलं होतं, बिस्किटं पारदर्शक बरणीत, घट्ट झाकणाच्या आत ठेवा, म्हणजे तिला मागावी लागतील. मी ठेवली. कुकरवालीने ती एका झटक्यात उघडली. मी बरणी ओट्यावर ठेवली. तिने पाट सरकवला. फळीवर ठेवली. तिने लाटण्याने पुढे ओढली. फ्रीजवर ठेवली, तेव्हा ती थोडा वेळ बघत राहिली. मी श्वास रोखून उभी, आता बोलणार! ती शांतपणे दार उघडून समोर गेली आणि सुशीलाबाईंना हाताला धरून घेऊन आली. सुशीलाबाई उंच होत्या.

हे मी श्रीविद्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांचा गजरा सुटला. "अय्यो," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ही बोलायला लागली ना, की तुम्ही माझ्याकडे हिला गप्प करायचे उपाय विचारायला याल."

कुठल्या भाषेत?

याच सुमारास आम्ही एका बालवाडीत चौकशीला गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मूल मागे पडेल. नाशिकहून सासूबाई सांगत होत्या, फक्त मराठी. घाबरलेला माणूस ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. आम्ही इंग्रजी सुरू केलं.

काय ते दिवस! मी इंग्रजीत तिला आंघोळ घालत होते आणि ऑफिसातल्या मीटिंगसारखी बोलत होते. तिला रागवता येईना, लाडात येता येईना. "माझं सोनुलं ते" याला इंग्रजीत काय म्हणायचं? मंदार तर गप्पच झाला. आधीच कमी बोलणारा माणूस, आता जेवताना नुसतं "प्लीज पास द सॉल्ट." सानिका आमच्याकडे पाहुणे आल्यासारखी बघायची.

आणि मग आमचं भांडण झालं. रविवारी दुपारी. कारण आठवत नाही. बहुतेक सुशीलाबाईंकडे तिला पाठवावं की नाही यावरून. तिथे तमिळ कानावर पडतं ना! मंदार म्हणाला, "निदान तू अर्धा दिवस तरी तिच्याजवळ असतेस. मी आणखी काय करू?" मी म्हणाले, "काही कर! बोल तरी तिच्याशी! घरात दोन मुकी माणसं झालीयेत मला!"

बोलून गेले आणि लगेच पस्तावले. तो उठून गॅलरीत गेला. मी स्वयंपाकघरात भांडी आदळली. सानिका मधल्या खोलीत उभी राहून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

पुढच्या वेळी श्रीविद्यांना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही भांडता कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

"मग तिच्याशीही त्याच भाषेत बोला. आणि त्या शेजारच्या पाटी, आजी हो, ज्या भाषेत बोलतात त्यांना तसंच बोलू द्या. मुलांना भाषा जास्त होत नाहीत हो. माणसं कमी पडतात." मग म्हणाल्या, "तिच्या वडिलांना शनिवारी घेऊन या."

त्या संध्याकाळी घरात पुन्हा मराठी आली. मी सानिकाला पोटाशी धरून "माझं सोनुलं, माझं बाळ, माझी चिमणी" असं जे सुरू केलं ते तीच कंटाळून निसटेपर्यंत.

फुस्स

मंदार शनिवारी आला तो मुलाखतीला आल्यासारखा, इस्त्रीचा शर्ट घालून. श्रीविद्यांनी त्याला सतरंजीवर बसवलं, समोर ठोकळे ठेवले आणि सांगितलं, "खेळा."

तो बसला. सानिका बसली. दोघांनी मिळून नीट, एका रेषेत, मुकाट्याने मनोरा रचला. श्रीविद्या म्हणाल्या, "छान. पण मला काही ऐकू आलं नाही."

मंदार लाजला. "मॅडम, मला लहान मुलांशी काय बोलायचं ते सुचत नाही."

"दिवसभर तुम्ही काय ऐकता?"

"प्रेस मशीन."

"ती कशी बोलते?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग गुडघ्यांवर उभा राहिला, दोन्ही हात वर नेले आणि खाली आणत म्हणाला, "धडाक्! फुस्स्स्स."

सानिका जागच्या जागी उडाली. मग तिचे डोळे चमकले. तिने त्याचे हात धरून पुन्हा वर केले. "धडाक्! फुस्स्स्स." पुन्हा. पुन्हा. मग त्याने "धडाक्" म्हटलं आणि थांबला. श्रीविद्यांनी बोटाने खूण केली, थांबा, थांबा. हात अर्ध्यावर थांबलेले. खोलीत पंख्याशिवाय आवाज नाही. सानिका त्याच्या तोंडाकडे बघतेय.

"फु," ती म्हणाली.

मंदारने आयुष्यात कधी मारली नसेल अशी उडी मारली. मनोरा पडला.

परतीच्या वाटेवर आम्ही मंदवेलीच्या स्टेशनात शिरलो. वेलचेरीपर्यंतची गाडी तेव्हा नुकती सुरू झाली होती आणि ती स्टेशनं म्हणजे भलेमोठे रिकामे सिमेंटचे मंडप. माणसं चार आणि खांब शंभर. मंदारने इकडेतिकडे बघितलं आणि छतापर्यंत जाईल असं म्हणाला, "धडाक्!" आवाज घुमून परत आला. सानिका खांद्यावरून ओरडली, "फु!" तोही घुमून परत आला. तिला वाटलं, स्टेशन तिच्याशी बोलतंय. मग काय! तिकीट खिडकीतला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. एक म्हातारे गृहस्थ थांबले, त्यांनी काठी टेकली आणि आपणही एक "हो!" करून बघितलं. आम्ही दोन गाड्या सोडल्या.

त्या दिवसापासून मंदार घरात शिरला की चपला काढायच्या आधी "धडाक्" म्हणायचा. त्याला बोलायला सुचायला लागलं. यंत्रांचे आवाज संपले तेव्हा तो बस, बेडूक, मिक्सर, शेअर ऑटो, सगळं झाला.

काका

सुशीलाबाई रोज जेवणाआधी गॅलरीच्या कठड्यावर भाताचा घास ठेवून कावळ्याला हाक मारत. एक दिवस मी ऑफिसातून आले तर त्या दारातच उभ्या होत्या, डोळे भरलेले. "बोलली गे! काका म्हणाली!"

मी चप्पलसुद्धा न काढता आत धावले. सानिका खिडकीत उभी होती. मला बघून स्वच्छ, खणखणीत म्हणाली, "काका!"

मंदारच्या धाकट्या भावाचा, अमोलचा, तिच्यावर फार जीव. मी त्याला लगेच नाशिकला फोन लावला आणि फोन तिच्या तोंडाशी धरला. "काका!" ती म्हणाली. "काका काका काका!" पलीकडे अमोल ऐकत होता. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "वहिनी," तो म्हणाला, "आईबाबांच्या आधी मला हाक मारली तिने. माझं काही खरं नाही आता." संध्याकाळपर्यंत नाशिकच्या गल्लीत पेढे वाटून झाले होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी गॅलरीत एक कावळा आला. सानिका दोन्ही हात पसरून त्याच्याकडे धावली. "काका!"

तमिळमध्ये कावळ्याला काक्का म्हणतात. इतकी वर्षं चेन्नईत राहून मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण आनंदाच्या भरात डोकं कुठे चालतं!

अमोलला सांगावं की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. शेवटी मंदारने सांगितलं. अमोल म्हणाला, "कावळा तर कावळा. पण घास ठेवल्याशिवाय मी येणार नाही, सांग तिला."

पाल

त्यानंतर शब्द येत गेले, पण सरळ ओळीत नाही. एखादा शब्द यायचा, आठवडाभर घरभर फिरायचा आणि गायब व्हायचा. मध्ये तर काही आठवडे नवं काहीच आलं नाही आणि मी पुन्हा कॉम्प्युटरवर ती नावं वाचायला लागले. श्रीविद्या म्हणाल्या, "तिला आता तीनचाकी सायकलीचं वेड लागलंय ना? एका वेळी एकच काम करतात मुलं." सायकल यायला लागल्यावर शब्द परत आले. एवढं मात्र सांगते, त्या थांबलेल्या आठवड्यांत आम्ही मंदवेलीला जाणं चुकवलं नाही.

सासूबाई नाशिकहून राहायला आल्या त्या मुलीला ताब्यात घ्यायच्या तयारीने. पहिल्याच सकाळी सानिका त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाल!"

"अगं बाई!" सासूबाई खुर्चीवर पाय घेऊन बसल्या. "कुठंय?"

"पाल! पाल!" सानिका त्यांच्याच दिशेने बोट करून ओरडायला लागली. सासूबाईंनी पदर झटकला, उशी झटकली, झाडू मागवला. मी स्वयंपाकघरातून धावत आले आणि हसू आवरून बोलणं मला जमेचना. सासूबाईंच्या शेजारच्या टीपॉयवर दुधाचा पेला होता.

"आई, तमिळमध्ये पाल म्हणजे दूध."

सासूबाईंनी पाय खाली घेतले. पेला उचलून सानिकाला दिला. आता त्या तीन भाषांवर बोलणार अशी माझी खात्री होती. त्या बराच वेळ तिला पिताना बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागितलं गं तिने. माझ्याकडे मागितलं."

दुपारी मी बघितलं तर त्या सुशीलाबाईंच्या गॅलरीत बसल्या होत्या. दोघी मराठीच बोलत होत्या, पण प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं. वेखंड कुठलं चांगलं यावर वाद चालला होता. सासूबाई परत जाईपर्यंत सानिका दूध मागताना आजीकडे "दूध" आणि सुशीलाबाईंकडे "पाल" म्हणायला लागली होती. गोंधळ आमच्या डोक्यात होता, तिच्या नव्हता.

बाबांनी केलं

सानिका साडेतीन वर्षांची असताना एक दुपार. ऑफिसातून येताना तिला सुशीलाबाईंकडून घेऊन मी घरी आले होते. ती खोलीत खेळत होती, मी भाजी चिरत होते. मूल फार वेळ शांत असलं की काय समजायचं ते आयांना ठाऊक असतं. मी डोकावले.

मंदारचे ठेवणीतले काळे बूट कपाटातून बाहेर आले होते. दोन्ही बूट टाल्कम पावडरने काठोकाठ भरले होते, वर हाताने थापून सपाट केले होते. फरशी पांढरी. सानिकाच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. रिकामा डबा तिने पाठीमागे धरला होता.

"सानिका, हे कोणी केलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थांबले. आता ती सवयच लागली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळवाजुळव चालली होती, ती मला दिसत होती.

"बाबांनी केलं," ती म्हणाली.

"बाबांनी?"

"हो. बाबा आला. पावडर घेतली. मी म्हणाली, नको बाबा, वेंडाम, आई ओरडेल." तिने दोन्ही हात पसरले, आणि पाठीमागचा डबा खाली पडून गडगडत गेला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "बाबा ऐकतच नाही!"

मी त्या पावडरमध्येच बसले. एवढं तिने आजवर एका दमात कधी सांगितलं नव्हतं. त्यात भूतकाळ होता, कारण होतं, संवाद होता, तमिळचा "नको"सुद्धा जागेवर होता. आणि ती सगळीच्या सगळी थाप होती. माझ्या मुलीने मनातून रचलेली, स्वतःच्या शब्दांत सांगितलेली, पहिली अस्सल थाप! मी तिला ओढून घेतलं, पापे घेतले, आम्ही दोघी पांढऱ्या झालो. ती बिचारी गोंधळली. रागवायच्या ऐवजी आई रडतेय आणि हसतेय.

मी मंदारला फोन लावला. मागे प्रेस मशीनचा आवाज येत होता.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"तुझी तक्रार आहे. तू म्हणे मघाशी घरी आलास, तुझ्या बुटांत पावडर ओतलीस. ती 'नको बाबा, आई ओरडेल' म्हणत होती, तरी तू ऐकलं नाहीस."

"कोण म्हणतंय असं?"

"सानिका."

मशीनचा आवाज लांब गेला. तो चालत बाहेर आला असावा.

"एवढं सगळं म्हणाली?"

"एवढं सगळं. एका दमात."

मग मंदार घसा साफ करून म्हणाला, "बरोबर आहे तिचं. मीच केलं ते. आता तिला फोन दे, आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सांग."